टाइम-लॅप्ससाठी सॉफ्टवेअर निवडताना: आधी तीन सिक्वेन्स, मग ट्रायल

घाटमाथ्यावर ट्रायपॉडपाशी उभं राहून काढलेले तीनशे फोटो घरी येऊन एकापुढे एक लावले, की बहुतेक नवख्यांना दोन दुखणी दिसतात. एक म्हणजे चित्र फडफडतं (याला फ्लिकर म्हणतात), म्हणजे प्रत्येक फ्रेम शेजारच्या फ्रेमपेक्षा किंचित उजळ किंवा मंद निघते. दुसरं, संध्याकाळ हळूहळू उतरण्याऐवजी पायऱ्या-पायऱ्यांनी खाली येते. मग ‘टाइम-लॅप्ससाठी सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?’ अशी विचारणा सुरू होते. या दोन दुखण्यांची कारणं वेगळी आहेत, उपायही वेगळे आहेत. पहिल्याचं औषध दुसऱ्याला दिलं, तर मेहनतीने मिळवलेला सूर्यास्त दुपारसारखा सपाट होऊन बसतो. म्हणून कोणाच्या यादीवर विसंबून निवड करू नका. स्वतःचेच अवघड सिक्वेन्स प्रत्येक सॉफ्टवेअरला घालून पाहा. ते कसं करायचं, त्याच्या या पायऱ्या.

सुरुवातीला हे जवळ असू द्या:

- मॅन्युअल मोड आणि रॉ फाइल (प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) देणारा कॅमेरा, ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणारा इंटरव्हलोमीटर (बऱ्याच कॅमेऱ्यांत तो आतच असतो), भक्कम ट्रायपॉड
- एसएसडीवर किमान २०० जीबी मोकळी जागा
- १६ जीबी रॅमचा संगणक. दाविंची रिझॉल्व्ह हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर तपासायचं असेल तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेलं बरं
- स्टॉपवॉच आणि एक वही

## १. आधी कामं वेगळी करा

टाइम-लॅप्सचं एडिटिंग हे एक काम नाही, चार कामं आहेत: रॉ फोटो डेव्हलप करणं, एक्स्पोजर आणि रंग फ्रेमगणिक सरकवत नेणं, उरलेला फ्लिकर काढणं, आणि शेवटी फोटोंची क्लिप बांधणं. चारही कामं उत्तम करणारं सॉफ्टवेअर शोधत बसू नका. दोन-तीन सॉफ्टवेअरची साखळीच बहुतेकांना लागते. तेव्हा निवडायची असते ती साखळी, आणि ती कुठल्या कडीला तुटते ते पाहण्यासाठीच ही चाचणी आहे.

## २. तीन सिक्वेन्स काढा, त्यानंतरच ट्रायल सुरू करा

हा क्रम उलटा करू नका. लाइटरूम क्लासिक या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची ट्रायल सात दिवसांची असते. ती सुरू करून मग चांगल्या ढगांची वाट पाहिली, तर मुदत आकाशाकडे बघण्यात जाते. शिवाय कार्डाची माहिती देऊन सुरू केलेली ट्रायल वेळेत रद्द केली नाही, तर ती आपोआप वर्गणीत बदलते.

तिन्ही सिक्वेन्स ४०० फ्रेमच्या आत ठेवा. एलआरटाइमलॅप्स या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती एका सिक्वेन्समध्ये ४०० च फोटो घेते.

सिक्वेन्स ‘अ’: मटकीचे मोड. रात्रभर भिजवलेली मटकी ओल्या फडक्यावर पसरा. पडदे बंद करून एकच एलईडी दिवा लावा. दर ९० सेकंदांना एक फोटो, आठ तास, म्हणजे ३२० फ्रेम. २५ फ्रेम प्रतिसेकंद धरले तर १२.८ सेकंदांची क्लिप होते. सगळं मॅन्युअल ठेवा, व्हाइट बॅलन्सही. अ‍ॅपर्चर मुद्दाम एफ/११ ठेवा. डीएसएलआरमध्ये दर फोटोला अ‍ॅपर्चरची पाती मिटतात आणि उघडतात, आणि प्रत्येक वेळी ती तंतोतंत त्याच जागी थांबत नाहीत. त्यातूनच खरा, अनियमित फ्लिकर मिळतो. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवलं तर पाती हलतच नाहीत आणि चाचणीचा हेतू फसतो. शटर मात्र १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. १/२०० किंवा १/५०० ठेवलं तर दिव्याचाही फ्लिकर मिसळतो आणि सॉफ्टवेअरने नेमकं काय काढलं ते कळत नाही.

सिक्वेन्स ‘ब’: दिवसापासून रात्रीपर्यंत. पश्चिमेकडे तोंड असलेली आणि दिवे लागणारी जागा निवडा. मुंबईत मरीन ड्राइव्हइतकी सोयीची दुसरी नाही. सूर्यास्ताआधी ४० मिनिटं ते नंतर ५० मिनिटं, दर १५ सेकंदांना एक फोटो, म्हणजे ३६० फ्रेम. या दीड तासात उजेड साधारण १० ते १२ स्टॉप उतरतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणं). अ‍ॅपर्चरला हात लावू नका. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजळ-गडद भागांचा आलेख) डावीकडे सरकला की शटर पूर्ण एक स्टॉप हळू करा, बहुतेक कॅमेऱ्यांत तीन क्लिक. शटर पुरेसं हळू झालं की मग आयएसओ वाढवा. शटरची वेळ १२ सेकंदांच्या पुढे नेऊ नका, नाहीतर फोटो कार्डावर लिहून होईपर्यंत पुढच्याची वेळ येते आणि मधली फ्रेम गळते.

सिक्वेन्स ‘क’: धुकं. पावसाळ्यात माळशेज किंवा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर कड्याखालून वर येणारं धुकं. दर चार सेकंदांना एक, ३०० फ्रेम, २० मिनिटं. उन्हाळ्यात ढगांच्या सावल्या पडणारी टेकडीही चालेल. यातला उजेडाचा बदल खरा आहे, तो राहिलाच पाहिजे. सॉफ्टवेअरला दोष आणि निसर्ग यांतला फरक कळतो का, हे ‘क’ सांगतो. बहुतेक लोक याच चाचणीला फाटा देतात, आणि माझ्या मते तिन्हींत हीच सगळ्यात महत्त्वाची.

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात तिन्ही मिळून ९८० रॉ फाइल्स होतात, साधारण २५ ते ३० जीबी. त्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा आणि मूळ फोल्डरला हात लावू नका. प्रत्येक सॉफ्टवेअरला ताजी प्रत द्या. एकाने फाइलशेजारी लिहून ठेवलेली एक्सएमपी फाइल (एडिटिंगच्या नोंदींची) दुसऱ्याने वाचली, तर निकाल भेसळीचा होतो.

## ३. फाइल्स क्रमाने लावा

कंटाळवाणं काम आहे, पण निम्म्या तक्रारी इथून येतात.

कॅमेऱ्याची मोजणी ९९९९ ला पोहोचली की पुन्हा ०००१ पासून सुरू होते. सिक्वेन्सच्या मध्येच असं झालं तर शेवटचे फोटो यादीत सर्वांत आधी लागतात आणि क्लिपमध्ये रात्र आधी, संध्याकाळ नंतर येते. म्हणून फोटो काढल्याच्या वेळेनुसार लावून सगळ्यांना नवीन नावं द्या. क्रमांक चार आकडी ठेवा: ०००१, ०००२. पुढची शून्यं गाळली तर काही प्रोग्रॅम १ नंतर १०, ११ घेतात आणि २ फार मागे पडतो.

मध्ये एखादा क्रमांक गळला तर फोटोंची माळ वाचणारं सॉफ्टवेअर तिथेच तोडतं. रिझॉल्व्हमध्ये एकाच्या दोन क्लिप दिसल्या तर आधी गळलेला क्रमांक शोधा. एफएफएमपेग या क्लिप बांधणाऱ्या प्रोग्रॅमला माळेचा पहिला क्रमांक शून्य ते चारच्या पलीकडचा असेल तर तो वेगळा सांगावा लागतो. नाहीतर फाइल सापडत नाही असा संदेश येतो आणि माणूस फोल्डरचं नाव तपासत बसतो.

## ४. कोणत्या साखळ्या तपासायच्या

डार्कटेबल आणि एफएफएमपेग. दोन्ही मोफत, मुक्त स्रोत. डार्कटेबलच्या एक्स्पोजर मॉड्यूलमध्ये ‘ऑटोमॅटिक’ नावाचा मोड आहे. तो रॉ हिस्टोग्राममधला ठरावीक टक्क्यावरचा बिंदू प्रत्येक फ्रेममध्ये एकाच पातळीला आणून बसवतो. ‘अ’ सिक्वेन्ससाठी हे फार उपयोगी: एका फ्रेमवर सेटिंग करा, बाकीच्या ३१९ वर चिकटवा, एक्सपोर्ट करा. ‘ब’ ला मात्र तेच लावलं तर रात्रसुद्धा दिवसाच्या उजेडाला ओढली जाते. हा मोड फक्त रॉ फाइलवर चालतो, जेपेगवर नाही.

एफएफएमपेगला खिडकी नाही, आज्ञा टाइप कराव्या लागतात. त्यात डिफ्लिकरचा, म्हणजे फ्लिकर काढण्याचा, फिल्टर आहे. तो आजूबाजूच्या फ्रेमची सरासरी घेतो. मूळ सेटिंगमध्ये पाच फ्रेमची. इथे दोन सापळे आहेत. ६००० बाय ४००० चा फोटो १६:९ मध्ये कापला की ६००० बाय ३३७५ होतो. ३३७५ ही विषम संख्या आहे, आणि नेहमीच्या एच.२६४ क्लिपला लांबी-रुंदी दोन्ही सम लागतात. ३३७४ करा किंवा सरळ ३८४० बाय २१६० वर आणा. दुसरा सापळा: पिक्सेलचा प्रकार ४:२:० सांगितला नाही, तर क्लिप संगणकावर चालते पण बऱ्याच फोनवर उघडत नाही.

दाविंची रिझॉल्व्ह. मोफत आवृत्ती ३८४० बाय २१६० पर्यंत क्लिप देते, आणि क्लिप बांधण्याच्या कामात नवख्यासाठी याहून चांगलं काही मोफत मिळणं कठीण. रॉ फोटो आधी डार्कटेबल किंवा लाइटरूममधून जेपेग अथवा १६-बिट टिफमध्ये काढून घ्या. प्रोजेक्टचा फ्रेम रेट पहिली फाइल आत घेण्याआधीच २५ करा, कारण टाइमलाइनवर काही आलं की तो बदलता येत नाही. डिफ्लिकर फक्त पैसे भरून मिळणाऱ्या स्टुडिओ आवृत्तीत आहे. पण मोफत आवृत्तीतही तो लावून पाहता येतो, चित्रावर वॉटरमार्क तेवढा येतो. चाचणीला तेवढं पुरतं, त्यामुळे न तपासता स्टुडिओ घेऊ नका.

लाइटरूम क्लासिक आणि एलआरटाइमलॅप्स. दिवस-रात्रीच्या सिक्वेन्ससाठी ही जोडी खास आहे. एलआरटाइमलॅप्स प्रत्येक फोटोच्या माहितीतून शटर, आयएसओ आणि अ‍ॅपर्चर वाचतं, तुम्ही केलेल्या पायऱ्या ओळखतं आणि उलट दिशेने भरपाई करून उतार सरळ करतं. कॅमेऱ्याशी विद्युत जोडणी नसलेली जुनी मॅन्युअल लेन्स असेल तर अ‍ॅपर्चर माहितीत नोंदलंच जात नाही, तेव्हा ते मधेच बदलू नका.

याचा क्रम पाठ करण्यासारखा आहे. एलआरटाइमलॅप्समध्ये फोल्डर उघडा, की-फ्रेम (हाताने एडिट करायच्या मोजक्या फ्रेम) ठरवा, सेव्ह करा. लाइटरूममध्ये फोल्डर आयात करा, फक्त की-फ्रेम एडिट करा आणि माहिती फाइलमध्ये लिहा. परत एलआरटाइमलॅप्समध्ये रीलोड, ऑटो ट्रान्झिशन, व्हिज्युअल प्रिव्ह्यू, डिफ्लिकर, सेव्ह. पुन्हा लाइटरूममध्ये सगळे फोटो निवडून माहिती फाइलमधून वाचा आणि एक्सपोर्ट करा. सगळ्यात मोठी चूक लिहिणं आणि वाचणं यांची अदलाबदल ही आहे. लिहायच्या जागी वाचलंत तर तासाभराचं एडिटिंग जुन्या माहितीखाली पुसलं जातं. लाइटरूममधलं ‘एक्सएमपीमध्ये आपोआप लिहा’ हे सेटिंग बंद ठेवा, नाहीतर दोन्ही सॉफ्टवेअर एकाच फाइलवर एकमेकांच्या मागून लिहीत राहतात.

लाइटरूमबद्दल आणखी एक, कारण याचा उलगडा न झाल्याने लोक कॅमेऱ्याला दोष देतात. हायलाइट्स, शॅडोज, क्लॅरिटी आणि डीहेज हे स्लायडर त्या-त्या चित्रातला मजकूर पाहून आपला परिणाम ठरवतात. ‘क’ मध्ये धुकं आत-बाहेर करत असतं. त्यावर डीहेज ४० वर नेला, तर दर फ्रेमला त्याचा परिणाम वेगळा पडतो आणि मूळ फोटोत नसलेला फ्लिकर तयार होतो. स्लायडर कमी ठेवा. कॉन्ट्रास्ट टोन कर्व्हने वाढवा, तो सगळ्या फ्रेमला सारखाच लागतो.

## ५. चाचणी चालवा

प्रत्येक साखळीत आधी ‘अ’ च्या फक्त पहिल्या २५ फ्रेम घाला आणि एक सेकंदाची क्लिप शेवटपर्यंत काढा. साखळीतला गोंधळ दहा मिनिटांत उघडा पडतो. मगच पूर्ण सिक्वेन्स.

तिन्ही सिक्वेन्सवर मुद्दाम साधंच एडिटिंग करा: ‘अ’ आणि ‘क’ ला एकच ठरावीक व्हाइट बॅलन्स, ‘ब’ मध्ये ५५०० केल्विनपासून ४००० पर्यंत सरकणारा. बाकी काही नको. रंगांची सजावट केली की डोळा सुंदर चित्राला भुलतो.

डिफ्लिकरची तीव्रता दोनदा बदलून पाहा. हा फिल्टर उजेडाची रेषा गुळगुळीत करतो, आणि किती फ्रेम मिळून गुळगुळीत करायची ते तुम्ही सांगता. ढगाची सावली एका सेकंदात सरकली तर ती २५ फ्रेम व्यापते. पाच फ्रेमच्या सरासरीने ती टिकते. साठच्या सरासरीने पुसट होते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मोजणीचा चौकोन ठरवता येतो, तिथे तो ‘क’ मध्ये खडकावर ठेवा, धुक्यावर नको. ‘ब’ मध्ये आकाशावर ठेवा. रस्त्यावर ठेवलात तर दिवे लागल्याबरोबर सॉफ्टवेअर आख्खं चित्र काळवंडून टाकेल.

मग वीज गेल्याची चाचणी. ‘ब’ चं एक्सपोर्ट चालू असताना दोनशेव्या फ्रेमच्या आसपास प्रोग्रॅम मुद्दाम बंद करा. थेट एमपी४ काढत असाल तर हातात काहीच उरत नाही, कारण त्या फाइलची अनुक्रमणिका सहसा अगदी शेवटी लिहिली जाते. आधी जेपेग किंवा टिफची माळ काढली असेल तर दोनशे फ्रेम शाबूत असतात आणि तिथून पुढे चालू करता येतं. जिथे भारनियमन आहे, तिथे माळेचीच पद्धत धरा. जागेचा हिशोब मात्र आधी करा. २४ मेगापिक्सेलची १६-बिट टिफ, कॉम्प्रेशनशिवाय, १४४ एमबीची होते. ३६० फ्रेमचे सुमारे ५२ जीबी. ३८४० पिक्सेल रुंदीवर आणली तर तेच काम साधारण २१ जीबीत भागतं.

## ६. निकाल डोळ्याने आणि मापाने तपासा

आधी लांबी. ३६० फ्रेम २५ ने भागल्या की १४.४ सेकंद झाले पाहिजेत. कमी भरले तर फ्रेम गळली आहे. लांबी बरोबर असून हालचाल अडखळत असेल, तर २५ ची क्लिप ३० च्या टाइमलाइनवर पडली आहे का पाहा. दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा दिसते, आणि सरकणाऱ्या ढगांत तो गचका लगेच जाणवतो.

फ्लिकर पाहताना खोलीत अंधार करा, मॉनिटरचा नाइट लाइट बंद करा, क्लिप छोट्या खिडकीत लूपवर लावा. पूर्ण स्क्रीनवर डोळा तपशिलात अडकतो. छोट्या चित्रात उजेडाची धडधड चटकन दिसते.

याहून पक्कं माप म्हणजे पट्टी. प्रत्येक फ्रेममधून एकाच जागची १० पिक्सेल रुंद उभी पट्टी कापा आणि सगळ्या शेजारी-शेजारी चिकटवा. एफएफएमपेगचे क्रॉप आणि टाइल हे फिल्टर हे काम करतात. ३०० फ्रेमचं ३००० पिक्सेल रुंद एकच चित्र तयार होतं. फ्लिकर असेल तर त्यात उभ्या रेघा दिसतात. ‘ब’ मध्ये उतार सरळ झाला असेल तर आकाश निळ्यापासून काळ्याकडे सलग जातं, आणि जिथे जोड कच्चा राहिला तिथे कडा दिसते. ‘क’ मध्ये धुक्याचे मऊ चढउतार दिसलेच पाहिजेत. पट्टी एकसारखी करडी आली तर त्या सॉफ्टवेअरने डोंगरावरचं हवामानच पुसलं आहे.

संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसतात का, तेही बघा. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात, १०-बिटमध्ये १०२४. मधली फाइल १०-बिट ठेवणाऱ्या साखळीला इथे जास्त गुण द्या.

शेवटी घरातल्या कोणाला तरी क्लिप्सची नावं बदलून नुसते आकडे द्यायला सांगा आणि मग क्रम लावा. कोणती क्लिप महागड्या सॉफ्टवेअरची हे माहीत असलं की तीच चांगली वाटते. वहीत प्रत्येक साखळीपुढे चार गोष्टी लिहा: ‘अ’ चा फ्लिकर गेला का, ‘ब’ चा उतार, ‘क’ चं धुकं टिकलं का, आणि तुमचा हात किती मिनिटं गुंतला. संगणक एकटा रात्रभर चालला तर ते मोजू नका. तुम्ही समोर बसलेली मिनिटं मोजा.

## ७. पैसे भरण्याआधी

लाइटरूम क्लासिक फक्त वर्गणीवर मिळतं. रिझॉल्व्ह स्टुडिओ आणि एलआरटाइमलॅप्स एकदाच विकत घ्यायची असतात. एलआरटाइमलॅप्सचं प्रायव्हेट लायसन्स हौशी कामापुरतं आहे. बिल्डरसाठी बांधकामाचा टाइम-लॅप्स किंवा पैसे घेऊन कोणतंही काम करणार असाल तर प्रो लायसन्स लागतं. परदेशी चलनात पैसे भरायचे असतील तर कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करून घ्या.

फक्त ढग, फुलं, मोड असे स्थिर उजेडातले विषय असतील, तर डार्कटेबल आणि मोफत रिझॉल्व्ह पुरे आहे. ‘अ’ आणि ‘क’ पास झाले की एक रुपयाही खर्च करू नका. वर्षातून चार-पाचदा तरी संध्याकाळ ते रात्र चित्रित करणार असाल, तरच लाइटरूम आणि एलआरटाइमलॅप्सचा खर्च वसूल होतो. दुसरीकडे, जेपेगमध्येच फोटो काढणाऱ्याला यातलं महागडं काही फार मदत करणार नाही. त्याने आधी कॅमेऱ्याचं सेटिंग रॉवर न्यावं.

## ८. निवड झाल्यावर

ज्या आवृत्त्यांवर चाचणी केली त्यांचे क्रमांक वहीत लिहा आणि काम अर्धवट असताना अपडेट घेऊ नका. लाइटरूमची मोठी नवी आवृत्ती कॅटलॉग नव्या स्वरूपात बदलते, आणि तो जुन्या आवृत्तीत उघडत नाही. त्याआधी कॅटलॉगची प्रत काढून ठेवा. ‘अ’ च्या पहिल्या २५ फ्रेम, ‘ब’ मधल्या दोन पायऱ्यांच्या आजूबाजूच्या ५० आणि ‘क’ च्या ५० अशा १२५ रॉ फाइल्सचं एक फोल्डर कायम ठेवा, जेमतेम चार जीबी होतील. कोणतंही अपडेट आलं की आधी हे फोल्डर साखळीतून काढायचं, पट्टी जुन्या पट्टीशेजारी ठेवून पाहायची, आणि मगच नवीन काम त्यात घालायचं.